हलली होती

“मावशी, हलली.” भाचीनं हे कुजबुजत सांगितलं. मोठ्यानं बोललं तर ती हललेली वस्तू पुन्हा जागेवर जाऊन बसेल, अशी काहीतरी काळजी तिच्या आवाजात होती. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून काढलेला एक चुंबक त्या दिवशी तिच्या हाती लागला होता. अर्धचंद्राच्या आकाराचा, चकचकीत, दिसायला किरकोळ. पण पोलादी कपाटाला चिकटला की नखं दुखेपर्यंत ओढावा लागायचा. सकाळपासून ती घरभर फिरून वहीत दोन रकाने भरत होती, ‘चिकटतं’ आणि ‘चिकटत नाही’. दुसरा रकाना लांबच लांब झाला होता. त्यात ॲल्युमिनियम फॉइल लिहून झाल्यावर तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं फॉइलची बोटभर पट्टी कापली, दोऱ्याला बांधून टेबलाच्या कडेला टांगली आणि चुंबक जवळ नेला. मी शेजारी बसून वाचत होते. मान वर न करताच म्हटलं, “वाऱ्यानं हलली असेल.” तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. पंखाही बंद होता. तो तिनंच मघाशी मला बंद करायला लावला होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि वहीतलं ‘चिकटत नाही’ तसंच राहू दिलं.

ते तिचं न बोलणं मला दिवसभर टोचत राहिलं. कारण घरात हा विषय शिकलेलं माणूस एकच होतं, आणि ते मी. लोखंड, निकेल, कोबाल्ट चुंबकाला चिकटतात, बाकीचे धातू ‘चुंबकीय नाहीत’, हे शाळेतलं वाक्य मी तिला तोंडपाठ ऐकवू शकले असते, आणि तेवढ्याच खात्रीनं मला हेही माहीत होतं की ते वाक्य अर्धवट आहे. चुंबकाकडे पूर्ण दुर्लक्ष करणारा पदार्थ शोधूनही सापडायचा नाही. ॲल्युमिनियम चुंबकाकडे ओढलं जातं. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला त्याचा प्रतिसाद लाखात दोन भाग इतकाच असतो, पण असतो. टंगस्टनचा त्याच्या तिपटीहून जास्त. प्लॅटिनमचा ॲल्युमिनियमच्या दहापटीहून जास्त. मँगनीज, टायटॅनियम, अगदी सोडियमसुद्धा याच घराण्यातले. पॅरामॅग्नेटिक. मराठीत ‘समचुंबकीय’ असा भारदस्त शब्द आहे. पण प्रयोगशाळेत तो कुणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही, म्हणून मीही इथं पॅरामॅग्नेटिकच म्हणते.

या शब्दातला ‘पॅरा’ मला फार आवडतो. त्याचा अर्थ ‘शेजारून, बरोबरीनं’. १८४५ साली मायकेल फॅरडेनं एका जड काचेचा तुकडा बलवान विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगला, तर तो ध्रुवांच्या दिशेनं न राहता आडवा होऊन बसला. आडव्यासाठी ‘डाया’, म्हणून डायमॅग्नेटिक. आणि ज्या पदार्थाची कांडी क्षेत्राच्या दिशेला समांतर होऊन थांबते, तो पॅरामॅग्नेटिक. हा शब्द १८५० मधला. म्हणजे मुळात ही नावं चिकटण्याची किंवा न चिकटण्याची नव्हेतच, उभं राहण्याच्या ढबीची आहेत. फॅरडेनं त्या काळात हाताला लागेल ते त्या ध्रुवांमध्ये टांगून पाहिलं, लाकूड, मांस, सफरचंद, काहीही. माणूस तसा टांगता आला तर तोही आडवाच होईल, कारण तो ज्या पदार्थांचा बनलाय ते सगळे डायमॅग्नेटिक, असं त्यानं लिहून ठेवलंय. एका मोठ्या माणसानं दोऱ्याला वस्तू टांगायच्या आणि त्या कुठं वळतात हे श्वास रोखून पाहत बसायचं, याला विज्ञान म्हणतात. एका लहान मुलीनं तेच केलं तर तिला वाऱ्याचं कारण मिळतं.

एम.एस्सी.ला असताना आमच्याकडे गूईचा तराजू होता. लुई जॉर्ज गूईची ही युक्ती १८८९ ची, आणि इतकी साधी की पहिल्यांदा पाहिल्यावर फसवल्यासारखं वाटतं. काचेच्या बारीक नळीत पदार्थाची पूड ठासून भरायची आणि ती तराजूच्या एका बाजूला अशी टांगायची की तिचं खालचं टोक चुंबकाच्या ध्रुवांच्या मधोमध येईल आणि वरचं क्षेत्राबाहेर राहील. मग वजन करायचं, एकदा चुंबक बंद ठेवून आणि एकदा चालू करून. फरक काही मिलिग्रॅमचा. खोलीत शिरताना घड्याळ, किल्ल्या, केसातल्या पिना बाहेर काढून ठेवायच्या. चमचा पोलादी चालायचा नाही. विद्युतप्रवाह हळूहळू वाढवायचा आणि उतरवतानाही तसाच हळूहळू उतरवायचा. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर रिकाम्या नळीचं वजन. चुंबक चालू केला की रिकामी नळी किंचित हलकी व्हायची. काच डायमॅग्नेटिक, क्षेत्रातून बाहेर ढकलली जायची. काहीही न भरलेल्या नळीनं आपलं मत आधी नोंदवून टाकावं आणि आपण ते मुकाट्यानं वजा करावं, याची मला गंमत वाटायची. नंतर तुलनेसाठी मर्क्युरी-कोबाल्ट थायोसायनेटची निळीशार पूड, आणि मग ज्याची चुंबकीय शक्ती शोधायची ते क्षार.

आमच्या वाट्याला मोरचूद आला होता, म्हणजे कॉपर सल्फेट. आकडेमोड करून उत्तर आलं १.९ बोर मॅग्नेटॉन, म्हणजे अणूची चुंबकीय शक्ती मोजायच्या एककात. सूत्र सांगत होतं १.७३. सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं : जोडीविना राहिलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या (जोडीतले दोघं एकमेकांचं चुंबकत्व खोडून टाकतात), तिला त्या संख्येत दोन मिळवून गुणायचं, आणि वर्गमूळ. एक इलेक्ट्रॉन एकटा असेल तर तीनाचं वर्गमूळ, १.७३. दोन असतील तर २.८३, पाच असतील तर ५.९२. मोरचुदातल्या तांब्याकडे एकच एकटा इलेक्ट्रॉन. मी आणि माझी प्रयोगातली जोडीदार त्या १.९ कडे बघत बसलो. नळी नीट ठासली नसेल, पूड दमट असेल, तराजू सरकला असेल. तिनं वहीतल्या वजनाच्या शेवटच्या आकड्यावर पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो आकडा आम्ही थोडा खाली आणला, मग आणखी थोडा. उत्तर १.७४ झालं. लाल शाईची खूण मिळाली.

१.९ बरोबर होतं.

हे मला पुढं काही वर्षांनी, भलतंच काहीतरी वाचताना कळलं. ते सूत्र फक्त इलेक्ट्रॉनाच्या स्वतःभोवतीच्या फिरकीचा, म्हणजे स्पिनचा हिशेब करतं. अणुकेंद्राभोवतीच्या भ्रमणाचाही थोडा वाटा असतो. स्फटिकातले शेजारी तो बराचसा दाबून टाकतात, पण पुरता नाही. तांब्याच्या क्षारांत तो उरलेला वाटा आकड्याला १.७३ वरून १.९ च्या आसपास नेऊन ठेवतो. आमच्या हातातल्या त्या साध्या तराजूनं ही गोष्ट दाखवली होती, आणि आम्ही ती पेन्सिलीनं खोडली. आता ‘वाऱ्यानं हलली असेल’ म्हणून झाल्यावर मला आठवली ती नेमकी ती पेन्सिल. शिसं थोडं बोथट झालेली.

या मोरचुदाची आणखी एक खोड आहे. धातू म्हणून तांबं स्वतः डायमॅग्नेटिक. चुंबकापासून अगदी थोडं, पण दूरच जातं. त्याच तांब्याचा निळा क्षार मात्र चुंबकाकडे येतो. ॲल्युमिनियमचं बरोबर उलटं. धातू चुंबकाकडे येतो, आणि त्याचं ऑक्साइड, जे माणकाच्या आणि नीलमाच्या खड्यांचं मूळ द्रव्य, ते शुद्ध असेल तर दूर जातं. सोडियम येतो, मीठ जातं.  संयुग होताना कोण कुणाला इलेक्ट्रॉन देतं आणि मागं एखादा एकटा उरतो का, यावर सगळं ठरतं. पोटॅशियम फेरोसायनाइड पिवळं, फेरीसायनाइड लाल. दोन्हींत लोखंड एकच, भोवतीचे सहा सायनाइडही तेच. फरक एका इलेक्ट्रॉनाचा. पिवळ्यात सगळ्यांच्या जोड्या लागलेल्या, म्हणून ते चुंबकापासून लांब. लाल्यात एक सुटा, म्हणून ते चुंबकाकडे. लोखंड म्हणजे चुंबकीय हे इतकं अंगात मुरलेलं असतं की लोखंडाच्या एखाद्या क्षाराला चुंबक दूर लोटतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तराजूच्या तारा उलट जोडल्यात का ते तपासलं होतं. त्या तराजूला तारा नव्हत्याच.

पण त्या रात्री मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. क्षारातला इलेक्ट्रॉन आपल्या अणूला बांधलेला असतो, त्यामुळे मोरचुदाच्या कोरड्या खड्यातून वीज जात नाही म्हटलं तरी चालेल. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे. ॲल्युमिनियमच्या दर अणूमागं तीन इलेक्ट्रॉन गाव सोडून निघालेले. मग चुंबकानं हाक मारली की आधी कोण वळायला हवं? मोकळा, असंच कुणीही म्हणेल. आणि होतं उलटं. बांधलेला एकटा इलेक्ट्रॉन झटकन वळतो. मोकळ्यांच्या लोंढ्यातले जवळजवळ सगळे जागचे ढिम्म हलत नाहीत.

क्षारांचा नियम पिएर क्यूरीनं १८९५ साली मोजून दाखवला : निरपेक्ष तापमान (उणे २७३ अंश सेल्सियसला शून्य धरून केल्व्हिनमध्ये मोजलेलं) निम्मं करा, चुंबकीय प्रतिसाद दुप्पट होतो. उष्णता त्या चिमुकल्या चुंबकांना सगळ्या दिशांनी भिरकावत असते, बाहेरचं क्षेत्र त्यांना एका दिशेला आणू पाहतं, आणि गारठ्यात भिरकावणं मंदावतं. १९०५ मध्ये लाँजव्हँनं हे गणितात बसवलं. (बसवलं खरं, पण गणित जुन्या भौतिकशास्त्राचं होतं, आणि निव्वळ जुन्या नियमांनी चाललं तर कुठल्याही पदार्थाचं एकूण चुंबकत्व शून्यच निघतं, हे आधी नील्स बोरनं १९११ मध्ये आणि मग स्वतंत्रपणे हेंड्रिका व्हान लेउवेन यांनी १९१९ मध्ये दाखवलं. दुसरं नाव लोक विसरतात, म्हणून इथं मुद्दाम.) क्यूरीच्या नियमानं धातूंकडे पाहिलं तर मात्र पंचाईत. ॲल्युमिनियमचा प्रतिसाद हवा त्याच्या शेकडो पटींनी कमी, आणि तो थंड केल्यावर वाढतही नाही. जवळपास आहे तितकाच राहतो.

कोडं सोडवलं वोल्फगांग पाउलीनं, १९२७ मध्ये. एका जागी, एका ऊर्जेच्या पायरीवर दोनच इलेक्ट्रॉन, तेही एकमेकांच्या उलट फिरकीचे, हा त्याचाच नियम. धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीला तो लावला की चित्र असं दिसतं : तळापासून एकेक पायरी जोडीनं भरत जाते, आणि वर एक पातळी येते, फर्मी पातळी, जिच्यावर जागा मोकळी आहे. खाली अडकलेल्या इलेक्ट्रॉनाला वळायचं तर शेजारी रिकामी जागा हवी, आणि ती नाही. काठोकाठ भरलेल्या हौदावर फुंकर घातली तर फक्त वरचं पाणी शहारतं, तसे पृष्ठभागापाशी असलेलेच काय ते वळतात. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा हौद किती खोल? तापमानाच्या भाषेत सांगायचं तर साधारण १ लाख ३५ हजार केल्व्हिन. खोलीच्या तापमानाच्या सुमारे साडेचारशे पट. म्हणजे वळू शकणारे त्या प्रमाणात थोडे. यातला सगळ्यात देखणा भाग पुढं आहे. तापवलं तर वळू शकणाऱ्यांची संख्या तापमानाच्या प्रमाणात वाढते. आणि त्यातला प्रत्येकजण, क्यूरीच्या नियमानं, त्याच प्रमाणात कमी वळतो. वाढ आणि घट एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून धातूचा प्रतिसाद तापमानाला दाद देत नाही. गणितात हे दोन ओळींत होतं. मी ते पहिल्यांदा फळ्यावर पाहिलं तेव्हा खडूची धूळ माझ्या ओढणीवर पडली होती आणि ती झटकायचीही मला शुद्ध नव्हती.

वीज वाहून नेतात तेही हेच, पृष्ठभागापाशी असलेले इलेक्ट्रॉन. पण वाहण्याचा आणि वळण्याचा हिशेब वेगळा आहे. वाहणाऱ्याला वाटेत अणूंची थरथर आडवी येते, म्हणून धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो. हे इतकं भरवशाचं की प्लॅटिनमच्या तारेचा तापमापक करतात. शून्य अंश सेल्सियसला १०० ओहम असलेली तार १०० अंशांला साधारण १३८.५ ओहम दाखवते. तेवढ्या तापमानभर ॲल्युमिनियमचं चुंबकीय वागणं म्हणाल तर जेमतेम बदलतं. चांगला वाहक तो जास्त चुंबकीय असंही नाही, उलट बऱ्याचदा विपरीत. तांबं, चांदी, सोनं हे वाहकांचे मुकुटमणी तिन्ही डायमॅग्नेटिक. मँगनीज पॅरामॅग्नेटिकांत तालेवार, पण त्याच्यातून वीज नेणं तांब्याच्या मानानं जवळजवळ शंभरपट कठीण. आणि कडाक्याच्या थंडीत १.२ केल्व्हिनच्या खाली ॲल्युमिनियम अतिसंवाहक होतं, रोध शून्य, तर त्याच्याहून अधिक पॅरामॅग्नेटिक असलेले प्लॅटिनम आणि पॅलॅडियम साध्या घन रूपात तसे होतच नाहीत. अतिसंवाहकाला इलेक्ट्रॉनांच्या उलट फिरकीच्या जोड्या लागतात. पॅलॅडियममध्ये तर इलेक्ट्रॉनांचा कल एकाच दिशेला रांग धरण्याकडे इतका की त्यांचा चुंबकीय प्रतिसाद साध्या हिशेबाच्या सुमारे दहापट निघतो. लोखंडासारखं होण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिलेला धातू आहे तो. आत मात्र कधी येत नाही. त्याला हायड्रोजन पाजला, आणि तो अधाशासारखा पितो, की ती सगळी चुंबकीय हौस विरते. पुरेसा हायड्रोजन शिरल्यावर पॅलॅडियम डायमॅग्नेटिक होतो आणि त्याचा विद्युतरोधही वाढलेला असतो.

बांधलेला आणि मोकळा अशी वाटणी मी वर केली खरी, पण ती सगळीकडे टिकत नाही, आणि मला खरी ओढ आहे ती जिथं ती मोडते तिथली. निकेल ऑक्साइडमध्ये, त्या काळच्या सिद्धांताप्रमाणे, इलेक्ट्रॉनांना फिरायला मोकळ्या जागा आहेत. म्हणजे ते वाहक असायला हवं. पण ते हिरवट रंगाचं पक्कं विद्युतरोधक आहे. १९३७ मध्ये दे बूर आणि फेरवे यांनी यावर बोट ठेवलं, आणि पुढं नेव्हिल मॉटनं कारण मांडलं : एका अणूवर आधीच असलेल्या इलेक्ट्रॉनाशेजारी आणखी एक येऊन बसला तर दोघांच्या एकमेकांना ढकलण्याची किंमत फार पडते, म्हणून प्रत्येकजण आपापल्या अणूवरच मुक्काम ठोकतो. रस्ता मोकळा, पण निघत कुणी नाही. व्हॅनेडियमचं एक ऑक्साइड, ज्यात दोन व्हॅनेडियमला तीन ऑक्सिजन, ते तर दोन्ही प्रकारे जगतं. खोलीच्या तापमानाला तो पॅरामॅग्नेटिक धातू. साधारण १५० केल्व्हिनपर्यंत थंड केला की एका फटक्यात त्याचा रोध लाखो पटींनी वाढतो, आणि आतले चिमुकले चुंबक आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून गोठतात. त्या क्षणी स्फटिक फुगतो, कधीकधी त्याला तडे जातात. इलेक्ट्रॉनांनी वाहायचं थांबवलं म्हणून दगड फुटतो. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

आणि गॅडोलिनियम. याचा एक तुकडा मी एकदाच पाहिलाय, राखाडी, थोडा मळकट, नखाएवढा. बर्फातून काढला तेव्हा तो चुंबकाला टक्कन चिकटला. थोड्या वेळानं, कुणी हात न लावता, सुटून खाली पडला. त्याचा लोहचुंबकत्व सोडायचा उंबरठा २० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. त्याच्या खाली तो लोखंडाच्या पंक्तीला, वर पॅरामॅग्नेटिक. एकच तुकडा पहाटे एका रकान्यात आणि दुपारी दुसऱ्या. याच गॅडोलिनियमच्या सल्फेटनं १९३३ मध्ये वेगळीच कमाल केली. ज्योक आणि मॅकडूगल यांनी तो क्षार आधी द्रव हीलियमनं गार केला, बलवान क्षेत्रात ठेवून त्यातल्या चुंबकांना रांगेत उभं केलं, मग बाहेरून उष्णता येण्याच्या वाटा बंद केल्या आणि क्षेत्र काढून घेतलं. रांग मोडायला लागणारी ऊर्जा क्षारानं स्वतःच्याच अंगातून घेतली आणि तापमान ०.२५ केल्व्हिनवर आलं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला म्हटलं, “कालची ती पट्टी परत टांगू या का?” तिनं लगेच होकार दिला नाही. “वारा असेल की,” म्हणाली. मी ऐकून घेतलं.

आम्ही एक हलकी लाकडी काडी घेतली, एका टोकाला फॉइलची गोळी, दुसऱ्या टोकाला तोलायला मेण, आणि मधोमध नायलॉनच्या एकाच तंतूनं टांगली. वरून काचेची पेटी पालथी घातली. शांतिस्वरूप भटनागर आणि के. एन. माथुर यांनी १९२८ मध्ये चुंबकीय तराजू केला तेव्हा नळीचं सरकणं प्रकाशलहरींच्या पट्ट्यांनी मोजलं होतं, के. एस. कृष्णन स्फटिकांचे इवलेसे तुकडे क्वार्ट्झच्या धाग्यानं टांगून ते किती वळतात हे मोजायचे. आमच्याकडे काडी आणि मेण. काडी स्थिर व्हायलाच अर्धा तास गेला. मग पेटीबाहेरून चुंबक अलगद आणून ठेवला, आणि गोळी सरळ येऊन काचेला टेकली. भाचीनं टाळी वाजवली. मला मात्र ते आवडलं नाही. फार लवकर आली होती. अशा चुंबकाजवळ ॲल्युमिनियमवर येणारी ओढ त्याच्या वजनाच्या शंभराव्या भागाइतकीही नसते. त्यानं इतकं धावत यायचं कारण नव्हतं. मी फॉइल कशानं कापलं ते विचारलं. कात्रीनं. पोलादी कात्री, तिच्या पात्याचा न दिसणारा कण जरी कडेला राहिला तरी ॲल्युमिनियमचा स्वतःचा आवाज त्यात बुडून जातो. प्रयोगशाळेत पोलादी चमच्याला बंदी होती ती उगाच नव्हती.

म्हणजे आदल्या दिवशी जे हललं ते काय होतं? कात्रीचं लोखंड असेल. किंवा तिनं चुंबक पुढंमागं नेला तेव्हा फॉइलमध्ये उठलेले भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह असतील. सरकता चुंबक जवळ आला की ते पट्टीला लोटतात, दूर गेला की मागं ओढतात. त्यात पदार्थ पॅरामॅग्नेटिक असण्याचा काही संबंध नसतो, फक्त वीज चांगली वाहावी लागते. जाड तांब्याच्या नळीतून चुंबक सोडला तर तो पिसासारखा संथ उतरतो तो याच प्रवाहांमुळे. किंवा बोटांनी घासून आलेली स्थिर वीज असेल. किंवा खरंच ते लाखात दोन भाग. किंवा वारा. पाच कारणं झाली, आणि कालची पट्टी तर केव्हाच कचऱ्यात गेली होती.

मग हातानं फाडलेलं फॉइल, सौम्य आम्लात धुतलेलं, वाळवलेलं, प्लॅस्टिकच्या चिमट्यानं धरलेलं. पुन्हा काडी, पुन्हा पेटी, पुन्हा अर्धा तास. या वेळी चुंबक ठेवल्यावर बराच वेळ काहीच झालं नाही. मग काडी निघाली. घड्याळाच्या मिनिटकाट्याकडे टक लावून पाहिलं तर तो जसा सरकल्यासारखा वाटतो आणि वाटतही नाही, तशी. पेटीच्या काचेवर मी पेनानं एक रेघ मारली होती. गोळी त्या रेघेआडून बाहेर आली आणि चुंबकाच्या बाजूला थोडी पुढं जाऊन थांबली. चुंबक उचलला, तर परत. ठेवला, तर पुन्हा पुढं. आम्ही हे सात वेळा केलं. भाचीनं वही आणली नाही. तिनं माझ्या मनगटाला धरलं होतं, आणि तिची पकड घट्ट होत गेलेली मला जाणवत होती.

“आता तांबं,” ती म्हणाली. तांबं दूर जातं हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं ठरवलं होतं. गोळीच्या जागी तांब्याच्या तारेचा वेटोळा तुकडा लावला. तांब्याचं हे लांब जाणं ॲल्युमिनियमच्या जवळ येण्याच्या, वजनाला वजन धरलं तर, सातवा हिस्सा. काडी स्थिर झाली. चुंबक ठेवला. मी चष्मा पुसून काचेला नाक लावलं. रेघ होती तिथं होती, तार होती तिथं होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला काही दिसेना.

“मावशी, हलली,” भाची कुजबुजली. “लांब गेली.”

मी खिडकीकडे पाहिलं. बंद होती.